माझ्या साडूंचा डावखुरा नायक

एक अत्यंत गंभीर निवेदन करायचे असल्यामुळे वाचकांनी हातातले काम बाजूला ठेवावे, शक्य असल्यास बसून घ्यावे आणि मगच पुढे वाचावे. माझे साडू डावखुरे आहेत. एवढंच? असं आपल्याला वाटेल. लग्नानंतर सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. पण मानवजातीने डाव्या हातावर आजवर केलेला प्रत्येक अन्याय माझ्या साडूंवर वैयक्तिकरीत्या झालेला आहे आणि त्यातला एकही मला ऐकवायचा त्यांनी शिल्लक ठेवलेला नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोन्ही घरं कोथरूडमध्ये, चालत जाता येईल इतकी जवळ. पळून जाता येईल इतकी लांब नाहीत. त्यामुळे माझे बहुतेक रविवार कात्री, कुलपं, नळ, पँटची चेन आणि कॉलेजातल्या खुर्च्यांना उजवीकडेच असणारी ती लिहायची फळी, यांच्या कटकारस्थानाबद्दल ऐकण्यात गेले. मी थकलो. ते थकले नाहीत.

कुणाकडे सत्यनारायण असला की ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आदल्या दिवसापासून धास्तावलेली असते. कारण प्रसाद घेताना उजवा तळहात वर, डावा खाली, ही आपली रीत. साडू नेमके उलटे हात पुढे करतात. गुरुजी शिऱ्याचा चमचा हवेत धरून थांबतात. साडूही थांबतात. मागे रांग वाढत जाते, शिरा निवत जातो. "अहो, उजवा वर," गुरुजी एकदा न राहवून म्हणाले. "का हो?" साडूंनी अत्यंत नम्रपणे विचारलं. "भार सगळा खालच्याने उचलायचा आणि प्रसाद मात्र वरच्याच्या नावावर?" मागच्या आजोबांनी घसा खाकरला आणि ताईने मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. स्कूटरचंही तेच. जुन्या स्कूटरचे गिअर डाव्या हातात असायचे. नवीन बिनगिअरच्या गाडीत डाव्याला ब्रेक सोडून कामच उरलं नाही, म्हणून ते अजून हळहळतात. "गिअर डाव्या हातात होते तोवर या देशाचं बरं चाललं होतं," हे त्यांचं ठाम मत आहे आणि त्यावर चर्चा होत नाही.

खरं तर हे गृहस्थ एका शिकवणी वर्गात भूमिती शिकवतात आणि त्यांचा वर्ग म्हणजे बघण्यासारखा प्रकार होता. पहिलीतल्या बाईंनी डाव्या हातावर पट्टी मारमारून त्यांचं लिहिणं उजव्या हाताकडे वळवलं होतं. चित्र काढणं मात्र बाईंच्या नजरेतून सुटलं, ते डावीकडेच राहिलं. त्यामुळे फळ्यावर साडू उजव्या हाताने प्रमेय लिहीत आणि त्याच वेळी डाव्या हाताने वर्तुळ काढत, तेही कंपास न घेता. मुलं श्वास रोखून बघायची. भूमिती कुणाला किती कळली देव जाणे, पण वर्गाला गैरहजर कुणी राहत नसे.

या आयुष्यात त्यांना एकच साथीदार भेटला आणि तो व्हिडिओ गेममधला होता. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि तिचं खेळाचं यंत्र टीव्हीखाली राहिलं. साडूंनी एका दुपारी ते सहज सुरू केलं, तर एक पोरगा डोंगर, गुहा, राक्षस असं सगळं ओलांडत चालला होता आणि त्याच्या डाव्या हातात तलवार होती! साडूंनी मला फोन केला. आवाज कापत होता. मला वाटलं, घरात कुणाचं काही झालं. "साडूभाऊ," ते म्हणाले, "आपल्यातला आहे हो तो!" मी उजवा असूनही त्यांनी मला "आपल्यात" धरलं, इतके ते हेलावले होते.

पुढे मुलीने त्याच खेळाचा नवा भाग वाढदिवसाला पाठवला. यात बटणं दाबायची नव्हती. रिमोट हातात धरून तलवारीसारखा फिरवायचा, की पडद्यावरचा नायक तसाच वार करणार. साडूंनी सोवळं नेसल्याच्या गांभीर्याने डाव्या हातात रिमोट धरला, खेळ सुरू केला आणि मटकन सोफ्यावर बसले. नायकाच्या तलवारीचा हात बदलला होता. बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरणार, म्हणून कंपनीने लोकांच्या सोयीसाठी त्याला उजवा करून टाकला होता.

"यालाही गाठलं," साडू म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या रविवारी मला तातडीचं बोलावणं आलं. बेडरूममधलं आरशाचं टेबल हॉलमध्ये आणून टीव्हीसमोर ठेवायचं होतं. साडू टीव्हीकडे पाठ करून आरशात बघत खेळणार होते, कारण आरशात नायक पुन्हा डावखुरा दिसतो! कल्पना थोर होती. कंबर माझी होती. पण आरशात हात बदलला तशा दिशाही बदलल्या. साडू डावीकडे वार करत, आरशातला नायक उजवीकडे तलवार हाणे आणि राक्षस मधोमध उभा राहून दोघांची गंमत बघे. चौथ्या की पाचव्या वाराला ताईचा पोह्यांचा ट्रे गेला. आरसा संध्याकाळपर्यंत स्वगृही परतला आणि खेळावर बहिष्कार पडला.

मग गेल्या पावसाळ्यात साडू वळणावरच्या खडीवर स्कूटर घसरून पडले. पडतानाही त्यांनी डावा हात वर धरला होता, असं पाहणारे सांगतात. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट वळेना, बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, आत्ता रोज हलवलात तर सुटेल, नाहीतर असंच राहील. साडूंना तर मोकळं रान मिळालं. पानात डावा हात घालून वरणभात कालवताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा! "राहू दे त्याला," उजव्याकडे बघून ते म्हणायचे, "परकाच होता. होऊ दे निवृत्त." व्यायाम शिकवायला येणारी मुलगी "काका, किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरवा" असं सांगून सांगून दमली.

एकदा ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडून हलक्या आवाजात सांगितलं, "फळ्यावर डाव्या हाताने लिहितात ते मुलांना वाचता येत नाही. वर्गाचे मालक म्हणाले, सर, दिवाळीपर्यंत हात बरा होतो का बघू, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतो. घरात बोलले नाहीत ते. मालकांच्या बायकोकडून कळलं मला. वर्ग गेला तर या माणसाचं काय होईल हो?"

मी बाहेर येऊन सुचवलं, "साडूभाऊ, तो नवा खेळ उजव्या हाताने खेळा की. व्यायामच आहे तो."

"म्हणजे शेवटी कंपनीच जिंकली म्हणायची," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

पुढच्या रविवारी मी गेलो तर ताई टीव्हीसमोर पदर खोचून उभी. जन्मात त्या यंत्राला हात न लावलेल्या बाईने खेळ सुरू केला होता आणि रिमोट आमटी ढवळावी तसा फिरवत होती. साडू शेजारी डाव्या हातात चहाचा कप घेऊन बसले होते, बघत नसल्यासारखे.

"अगं, तो नदीत चाललाय."

"जाऊ दे."

"अगं, बुडतोय तो! वर उचल हात!"

"बुडू दे. उजवाच आहे ना?" ताई म्हणाली आणि आणखी जोरात ढवळू लागली.

साडू उठले. डाव्या हातात कप होता, म्हणून रिमोटसाठी उजवाच पुढे आला. बोटं मिटेनात. ताईने आपल्या हाताने त्यांचं एकेक बोट रिमोटवर दुमडलं. साडूंनी ओठ दाबून मनगट वळवलं. कपाळावर घाम आला. पडद्यावर नायकाने तलवार उचलली, काठावरच्या वेलींवर वार केला, चुकला, पुन्हा केला, आणि तुटून लोंबलेली वेल धरून कसाबसा पाण्याबाहेर आला. नायक काठावर बसून धापा टाकत होता. चहा निवून गेला होता.

साडूंनी कप खाली ठेवला. उजवा हात डाव्या हातात घेतला, मनगटापासून बोटांपर्यंत हळूहळू चोळू लागले. आम्ही दोघं समोर आहोत हे बहुधा ते विसरले होते, कारण एकदम मोठ्याने म्हणाले, "बिचारा! याला तरी कुठे कुणी विचारलं होतं!"