लाकडी रिव्हॉल्व्हर

नवरा गेला तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर एक लाकडी रिव्हॉल्व्हर होतं. त्याचं फिरतं सिलिंडर पाच लिटरच्या कुकरएवढं होतं आणि नळी टेबलाच्या बाहेर जात असे. त्यामुळे नवरा, बारावीतली मुलगी आणि मी असे तिघं बरेच महिने टेबलाच्या एका टोकाला कोपर लागून जेवत होतो. नंतर दोघी उरलो, तरी त्याच टोकाला जेवायचो.

नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. मस्कतच्या गाला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत तो पंप आणि व्हॉल्व्ह विकायचा. कंपनीचे मालक, म्हणजे अर्बाब, सत्तरी ओलांडलेले होते. मस्कतपासून दोनेक तासांवरच्या खाबुऱ्याला त्यांचं वडिलोपार्जित घर, आणि त्यातली एक खोली त्यांना घराण्याचं संग्रहालय म्हणून उघडायची होती. खंजीर, कॉफीच्या सुरया, एक होकायंत्र आणि मानाच्या जागी आजोबांचं रिव्हॉल्व्हर. ते कुणा इंग्रज साहेबाने खूश होऊन आजोबांना भेट दिलं, अशी घरातली गोष्ट. लग्नाआधी मी पुण्यात इतिहास शिकवत असे. आपल्याकडे जुन्या घरांतून महाराजांनी स्वहस्ते दिलेल्या तलवारी असतात. त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर महाराजांना राज्य करायला वेळ मिळाला नसता. साहेबाबद्दल माझं तेच मत होतं. नवरा म्हणाला, "कोणी दिलं ते सोड गं. आत काय आहे ते बघ."

आत गंज होता. घोडा हलत नव्हता, सिलिंडर फिरत नव्हतं, जोर लावला असता तर तुकडा हातात आला असता. म्हणून अर्बाबांना पाहुण्यांसमोर चालवून दाखवता येईल असं मोठं मॉडेल हवं होतं. नवऱ्याने त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला. इतकी वर्षं व्हॉल्व्ह विकल्यावर माणसाचं असं होतं.

गालातल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमधून तो भाग कापून आणायचा, घरी घासायचा, जोडायचा आणि जेवताना आम्हाला ऐकवायचा. आधी म्हणे लोकांनी सहाच्या सहा नळ्या एकत्र बांधल्या आणि तो जुडगाच गोल फिरवला. पुढून इतकं जड, की नेम धरेपर्यंत मनगट खाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, नळी एकच पुरे, मागची दारू भरलेली घरं तेवढी फिरवू. पण ती हाताने फिरवावी लागायची.

"म्हणजे तोपर्यंत समोरच्याने थांबायचं?" मुलीने विचारलं.

"सभ्य असेल तर थांबेल. म्हणून मग फिरवायचं काम घोड्याला दिलं. घोडा मागे ओढला की त्याला जोडलेला हा दांडा सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो. एकाच हालचालीत दोन कामं."

त्या काळी प्रत्येक घराच्या मागे तांब्याची छोटी टोपी बसवत. घोडा तिच्यावर आपटला की बार उडे. कधीकधी एका टोपीची ठिणगी शेजारच्या टोपीला लागे आणि नळीसमोर नसलेली घरंही उडत.

"बाय वन, गेट फाइव्ह फ्री," मुलगी म्हणाली.

"अगदी. मग टोप्यांच्या मधे भिंती घातल्या."

सुधारणेच्या प्रत्येक पायरीआधी कुणाची तरी बोटं गेली असणार, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "तुझ्या इतिहासात तरी वेगळं काय होतं?" आणि आणखी एक पोळी मागितली.

त्याचा सगळ्यात आवडता भाग अडसर होता. दाराला असतो तसाच. सिलिंडर एक घर फिरलं की खालून एक लाकडी जीभ वर येते आणि सिलिंडरच्या अंगावरच्या खाचेत बसते. घर नळीसमोर पक्कं झालं. घोडा सावकाश ओढला तर आमच्या टेबलावर हे सगळं व्यवस्थित होई. घाईने ओढला की सिलिंडर आपल्या वजनाने पुढे पळे, अडसर खाचेवरून घसरे आणि घर अर्धवट कुठेतरी थांबे.

"बिघडलंय," मी म्हटलं.

"बिघडलेलं नाही. असंच होतं ते. पुढच्या बनावटीत त्यांनी प्रत्येक खाचेच्या अलीकडे एक उतार कोरला. अडसर त्यावरून उतरत खाचेत जातो, कितीही घाई करा. केवढीशी गोष्ट!"

"मग कोर ना आपल्यातही."

"अर्बाबांच्या पिस्तुलात उतार नाही. जे नाही ते दाखवायचं नाही."

सप्टेंबरात तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता गेला. डॉक्टरांनी त्याला एक लांब नाव दिलं. अंत्यसंस्कार इथेच झाले. नंतर मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये शोकसभा घेतली. स्टेजवर हार घातलेला फोटो, माइक, आणि वक्त्यांचा क्रम ठरवण्यावरून आधी झालेली थोडी नाराजी. अध्यक्षांनी त्याला मस्कतमधल्या मराठी विश्वाचा आधारस्तंभ म्हटलं. हा आधारस्तंभ वर्षातून एकदा मिसळीला जायचा आणि भाषणं सुरू झाली की गाडीत जाऊन बसायचा. मला हसू यायला हवं होतं. रडूही चाललं असतं. मी पंख्याकडे बघत होते, त्याचं एक पातं किंचित वाकलेलं होतं.

लोक डबे आणून द्यायचे. मी ते रिकामे करून, घासून परत करायचे. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात साखर घालायचे. हे हात आपोआप करत होते, मी त्यात कुठे नव्हते.

प्रश्न एकच होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. आम्हा दोघींचे व्हिसा त्याच्या नोकरीला टांगलेले. तो गेला म्हणजे ते रद्द होणार. मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, नाव इथल्या शाळेतून नोंदलेलं. मधेच उठून पुण्याला गेलो तर तिचं वर्ष जाणार होतं. कंपनीने मनात आणलं तर रद्द करायचे कागद सावकाश हलू शकतात, असं जो तो सांगायचा. पण कंपनीच्या मनात काय आहे हे कुणी थेट विचारत नाही. अर्बाबांना काही विचारायचं तर ते ऑफिस मॅनेजरांमार्फत. हे डोंबिवलीचे गृहस्थ. अर्बाबांच्या मनातलं त्यांना अर्बाबांच्या आधी कळायचं.

ते अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटवर आले, चहा घेतला आणि रिव्हॉल्व्हरभोवती एक फेरी मारली.

"वहिनी, साहेबांची शेवटची निशाणी. उद्घाटनाला मोठमोठे लोक येणार आहेत. चालतंय ना?"

त्यांनी घोडा खसकन ओढला. सिलिंडर गरगरत पुढे गेलं आणि दोन घरांच्या मधे थांबलं.

"अरे बापरे. हे असं नाही चालणार, वहिनी. पाहुण्यांसमोर अर्बाबांचं नाक कापलं जाईल."

"ते तसंच होतं. सावकाश ओढायचं."

"मोठी माणसं सावकाश ओढत नाहीत हो." मग ते खुर्चीच्या कडेवर बसले. "व्हिसाचं मी लावून धरलंय. इन्शाल्ला होईल. पण अर्बाब खूश असले की सगळंच सोपं जातं. तुम्ही समजून घ्याल."

मी समजून घेतलं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही.

ते गेल्यावर मी त्याची हत्यारांची पेटी उघडली. मुलगी समोर फिजिक्स घेऊन बसली होती.

"काय करतेयस, आई?"

"उतार कोरते."

"बाबा नको म्हणाला होता."

"तुझी परीक्षा आहे."

"सो? माझी एक्झाम आहे म्हणून आपण बाबाचं मॉडेल खोटं करायचं? दॅट्स चीटिंग."

"लाकडाला उतार काढण्याला चीटिंग म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात? मराठीत सांग."

मी नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढली, नळी पुढे ओढली, सिलिंडर मांडीवर घेतलं. ते जड होतं, आणि मांडीवर एखादं मूल झोपल्यासारखं बसलं. प्रत्येक खाचेच्या अलीकडे आधी पटाशीने, मग कानशीने लाकूड उतरवत गेले. पहिला उतार ओबडधोबड झाला, नंतरचे बरे झाले. मुलगी उठून आतल्या खोलीत गेली. भुसा गाऊनवर पडत होता. माझ्या मनात विचार होता तो एवढाच, की भुसा ओल्या फडक्याने पुसावा की कोरड्या.

पुन्हा जोडलं आणि घोडा खसकन ओढला. टक्. अडसर खाचेत. पुन्हा ओढला. टक्. एकदाही चुकला नाही. तो म्हणाला होता तसंच, केवढीशी गोष्ट.

उद्घाटनाला आम्ही दोघी मॅनेजरांच्या गाडीतून खाबुऱ्याला गेलो. मॉडेल कंपनीच्या पिकअपमध्ये, गादीत गुंडाळून पुढे गेलं होतं. खजुरांच्या बागेमागे घर, दारात गालिचा, सोनेरी काठाचे झगे घातलेले पाहुणे. फीत कापायला जे मोठे गृहस्थ आले होते त्यांना पुढे आणखी एक फीत कापायला जायचं होतं. त्यांच्यासाठी अरबीत भाषण झालं, मग आम्हा परक्यांसाठी इंग्रजीत तेच भाषण लहान करून झालं. त्यात इंग्रज साहेबाला बढती मिळाली होती. नवऱ्याकडून मी ऐकलं तेव्हा तो कॅप्टन होता, आता जनरल झाला.

मोठ्या गृहस्थांनी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, "माशाल्ला" म्हटलं आणि हलव्याकडे वळले. घोड्याला त्यांनी हातही लावला नाही. थोड्या वेळाने त्यांच्या गाड्या धूळ उडवत गेल्या आणि खोलीत आम्ही, मॅनेजर आणि अर्बाब उरलो.

अर्बाब काठी टेकत मॉडेलजवळ आले. त्यांनी घोडा झटक्यात ओढला. टक्. त्यांनी मान वाकडी केली आणि पुन्हा ओढला, आणखी जोरात. टक्. मॅनेजरांचा चेहरा फुलला.

अर्बाब आमच्याशी हिंदीत बोलत. ती हिंदी त्यांनी तरुणपणी मुंबईला खजूर विकताना उचललेली होती. "सिस्टर," ते म्हणाले, "ये भागता था ना? मेरे दादा का ऐसे ही भागता था. हम बच्चा लोग जल्दी खींचता, ये भागता, दादा मारता. बोलता, शुवै, शुवै, धीरे." ते स्वतःशीच हसले. "मैं मुहंदिस को बोला था. मुहंदिस बोला, बराबर वैसा ही बनाएगा."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. नवऱ्याला ते त्याच नावाने हाक मारत.

"अब ठीक हो गया, अर्बाब," मॅनेजर म्हणाले. "रिपेअर कर दिया."

"हां," अर्बाब म्हणाले. "अब ठीक है." आणि घोड्यावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात मुलगी पुढे झाली. इथेच वाढलेल्या मुलांना कुणाला काय विचारू नये हे कळत नाही. तिने सरळ इंग्रजीत विचारलं, आमचा व्हिसा मार्चपर्यंत राहील का, माझी परीक्षा आहे.

अर्बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मॅनेजरांकडे. "इसको कौन बोला जाने का? मैं पहले दिन बोला ना, इम्तहान खलास, फिर कैन्सल का पेपर. बोला कि नहीं बोला?"

"बोला, अर्बाब. प्रोसेस चालू है," मॅनेजर म्हणाले आणि खिशातला फोन काढून त्यात काहीतरी शोधू लागले.

परतीच्या वाटेवर राउंडअबाऊट येत होते, जात होते. मुलगी मॅनेजरांच्या मानेकडे बघत बसली होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी तो शोधला. सापडला नाही. आमच्या बिल्डिंगखाली उतरल्यावर मुलगी म्हणाली, "वूड पुट्टीने ते उतार भरता येतात." मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर.

परीक्षा झाली. पेपर कसे गेले विचारलं तर "ओके" म्हणाली. त्या आठवड्यात टॅक्सी करून आम्ही पुन्हा खाबुऱ्याला गेलो. अर्बाबांनी खोली उघडून दिली आणि ते दाराशी खुर्ची टाकून बसले. मुलीने सिलिंडर काढलं आणि एकेक उतार पुट्टीने भरला. पुट्टी वाळेपर्यंत आम्हाला खजूर आणि कॉफी आली. मग तिने पॉलिश पेपरने घासलं आणि सगळं जोडलं. मला तिने हात लावू दिला नाही.

अर्बाबांनी घोडा झटक्यात ओढला. सिलिंडर घसरत पुढे गेलं आणि भलतीकडेच थांबलं. त्यांनी आत कुणाला तरी जोरात हाक मारली. नातवंडांचा एक घोळका आला आणि मग प्रत्येकाला घोडा ओढायचा होता. म्हातारा प्रत्येकावर ओरडत होता, "शुवै, शुवै." मुलगी त्यांच्यात उभी होती, पुट्टीचे हात फ्रॉकला लागू नयेत म्हणून लांब धरून. मी खजुराच्या बिया बशीत मांडत होते. टॅक्सीवाल्याने बाहेरून हॉर्न दिला तेव्हा मी उठले. ती म्हणाली, "आई, पाच मिनिटं," आणि मी परत बसले.

एप्रिलमध्ये आमचे व्हिसा रद्द झाले. पासपोर्ट द्यायला मॅनेजर स्वतः आले होते. त्यांनी चहा घेतला नाही.