ड्रम कुठं आहेत?

मी इथं फारसं लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

दादा गेल्यापासून त्याच्या रेकॉर्ड आमच्या लातूरच्या घरी पडून होत्या. सगळ्या साठच्या दशकातल्या इंग्रजी बँडच्या. वहिनीनं त्या विकायच्या ठरवल्या, म्हणून आज उदगीरहून एक संग्राहक आले. "आमचा वेगळा जिल्हा होऊ द्या, मग रेकॉर्डचं म्युझियमच काढतो," म्हणाले.

त्यांनी एक रेकॉर्ड लावली. नुसता गळा ऐकू आला, वाद्यं नाहीतच. ते ओरडले, "अहो, ड्रम कुठं आहेत?"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "मोरीत दोन हायत, पण टँकर आला न्हाई अजून!"

मग त्यांनी समजावलं. सुरुवातीच्या स्टिरिओत बऱ्याचदा गाणारे एका स्पीकरमध्ये आणि वाद्यं दुसऱ्यात असायची. आमचा दुसरा स्पीकर घागरीखाली होता. मागच्या दुष्काळात वहिनीनंच तो तिवई म्हणून नेला होता.

घागर उतरवली, तार जोडली. ड्रम दणाणले तशी वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"म्हंजे इतकी वर्षं तुमचे दादा अर्धंच गाणं ऐकून राहिले होते? एका शब्दानं बोलले न्हाईत की हो, भावजी."

संग्राहकांनी हळूच विचारलं, "मग, नेऊ का?"

"न्हाई. आता कुठं पुरं वाजून राहिलंय."

ते चहा पिऊन रिकाम्या हातानं गेले. वहिनी अजून ऐकतेय आणि घागर माझ्या मांडीवर आहे.

लातुरात कुणाकडे जास्तीची तिवई आहे का?