शनिवारचा काटा

शनिवार, ७ मार्च. हवा कोरडी, वारा नाही. साडेनऊला औषधाच्या दुकानात गेले, रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या. तिथल्या काट्यावर माझं वजन ५१.३. दहाला वर बाळकडे. बाळ १०९.३, गेल्या शनिवारी १०९.९ होता. टाळ्या झाल्या. गंमत म्हणून मीही त्याच्या काट्यावर उभी राहिले: ४९.८. जिना वीस पायऱ्यांचा आहे, त्यात दीड किलो झडत नाही. दोन्ही आकडे लिहून ठेवते. सव्वाचारला बाळ इथे: चहा दोन कप, बिस्किटं पाच. जिन्याखालचा दिवा गेला.

ताईच्या वहीतला हा बाळ, तिचा धाकटा भाऊ, अठ्ठावन्न वर्षांचा होता. शेंडेफळ म्हणून घरात पडलेलं नाव त्याच्याबरोबर वाढत गेलं आणि एकशे अठ्ठेचाळीस किलोंचं झालं. त्याचा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. किराणा दुकानदारापासून भंगारवाल्यापर्यंत साऱ्या बाजाराचे काटे त्याच्या हाताखालून जात. कुणी तक्रार केली, "काटेवाले, मशीन खोटं दाखवतंय हो," की तो चष्म्यावरून बघत म्हणे, "मशीन खोटं बोलत नाही. त्याला खोटं शिकवावं लागतं." हे वाक्य त्यानं तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं. स्वतः कधी ऐकलं नाही.

गेल्या जुलैत डॉक्टरांनी त्याच्या पोटाचा मोठा भाग कापून काढला आणि केळ्याएवढी पिशवी मागे ठेवली. नातेवाइकांची मात्र पंचाईत झाली. इतकी वर्षं ते म्हणत होते, "अरे, तोंडाला जरा कुलूप लाव." आता म्हणू लागले, "ऑपरेशन करून बारीक व्हायला काय लागतं? कुणीही होईल." म्हणजे जाड होता तेव्हा आळशी, आणि बारीक व्हायला लागला तेव्हा लबाड. जगात उत्तम सल्ला देणारे सगळे लोक त्याच्याच गोतावळ्यात जन्माला आले होते.

पण वजन उतरत होतं. सहा महिन्यांत पस्तीस किलो गेले, पट्ट्याला चार नवी भोकं पडली. न्हाणीघरातल्या साध्या काट्याला तो सुरुवातीला पेलवलाच नव्हता, म्हणून त्यानं कारखान्यातला पोती तोलायचा चौरस काटा घरी आणून दिवाणखान्यात बसवला होता. त्याच्या खांबावर लाल आकडे उमटत. दर शनिवारी दहा वाजता बाळ त्यावर चढे. त्याची बायको बाजूला वही घेऊन उभी राही, शेजारीपाजारी खुर्च्या ओढून बसत. खालच्या मजल्यावर एकटी राहणारी थोरली बहीण, म्हणजे ताई, तीही येई.

तीन जानेवारीला काट्यानं ११२.६ दाखवलं. दहाला ११२.६. सतराला ११२.६. चोवीसला बाळनं खिशातला रुमालसुद्धा काढून ठेवला. ११२.६.

"असं होतं," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "वजन मध्येच अडतं. सगळ्यांचं अडतं. घाबरू नका. काय खाता ते रोज लिहून आणा."

बाळनं आठवून आठवून यादी लिहिली. त्या यादीवर चिमणीसुद्धा जगली नसती.

खरी अडचण गुडघ्याची होती. उजवा गुडघा साफ गेला होता. ट्रकांचे मोठे काटे खड्ड्यात असतात, शिडीनं खाली उतरावं लागतं. दोन वर्षं बाळ उतरला नव्हता आणि ती कामं एकेक करून दुसऱ्याकडे चालली होती. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी एकतीस मार्चची तारीख दिली होती, पण एका अटीवर. वजन एकशे पाचच्या आत. नाही आलं तर ती तारीख दुसऱ्याला, आणि पुढची थेट नोव्हेंबरात.

चौथ्या शनिवारी, चोवीस तारखेला, आकडा हलला नाही तेव्हा खुर्चीतून आवाज आला होता, "काय काटेवाले, पोट कापलं की नुसतंच शिवलं?" लोक हसले. बायको हसली नाही. ती रोज पहाटे उठून कोबी-गाजराचं सूप करायची, अंडी उकडायची, पनीरचे तुकडे मोजून द्यायची. तिनं वही मिटली आणि आत निघून गेली. ते बाळच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या शुक्रवारी घरात कुणी नसताना त्यानं कारखान्यातली लोखंडी मापं आणली. काट्यावर वीस किलो ठेवले, वर शंभर ग्रॅमचं एक छोटं माप ठेवलं आणि मशीनला सांगितलं, हे वीस. शून्याला त्यानं हात लावला नाही. रिकामा काटा शून्याऐवजी दुसरं काही दाखवू लागला तर पोरासोरांनाही कळतं. हे काम जाणत्याचं होतं. मापं पलंगाखाली गेली. शनिवारी आकडा आला ११२.०, टाळ्या पडल्या आणि बायकोनं वही उघडली.

पुढच्या शुक्रवारी आणखी शंभर ग्रॅम. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी शंभर. मनाशी त्यानं ठरवलं होतं, की आपलं खरं वजन एक ना एक दिवस धावत येऊन या खोट्या वजनाला गाठेल, मग सगळं जिथल्या तिथे. कर्जबाजारी आणि प्रेमात पडलेले लोकसुद्धा इतका भाबडा विचार करत नाहीत.

एक गोष्ट मात्र या जाणत्याच्या डोक्यात आली नाही. काट्याला माणूस कळत नाही. तो सगळ्यांशी सारखंच खोटं बोलतो.

पहिल्यांदा बायको चढली. "अगंबाई! माझेसुद्धा चारशे ग्रॅम गेले!" मग शेजारीण चढली, मग तिची जाऊ. सगळ्या उतरत होत्या. दर आठवड्याला, न चुकता. श्रेय अर्थातच सुपाला मिळालं. महिनाभरात नऊ जणी त्याची कृती लिहून घेऊन गेल्या. एकीनं तर फिरायला जाणंच बंद केलं. सूप आहे ना, मग पाय कशाला झिजवायचे! बाळची बायको आता जिन्यात उभी राहून लोकांना आहार समजावू लागली. "तेल नको, साखर नको आणि मनात शंका नको." दोन किलो घटल्याच्या आनंदात तिनं जुने कपडे आत घेऊन शिवले. ते घालून श्वास घेता येत नव्हता. ते कापड आटल्यामुळे, असं तिचं मत होतं.

बुधवारी, अकरा मार्चला, चार वाजता बाळ कारखान्यातून आला आणि नेहमीसारखा खाली ताईकडे वळला. जिना चढण्याआधी गुडघ्याला विसावा, असं त्याचं अधिकृत कारण होतं. दारातच समोरच्या घरातला काडी भेटला. काडी म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. त्याला वाऱ्यात छत्री घेऊन बाहेर पडायची धास्ती वाटे. आज त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"रक्त तपासायला देऊन आलो, काटेवाले. तुमच्या काट्यावर दीड किलो गेलं, सहा आठवड्यांत. मी सूप पीत नाही, काही नाही. आमच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. चार महिन्यांत गेला." तो कसंबसं हसला. "पुस्तकं कुणाला द्यायची, ते लिहून काढतोय."

काडी निघून गेला. बाळ ताईच्या स्वयंपाकघरात बसला. ताईनं चहा ठेवला, बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला आणि वही घेतली.

"बाळ, शनिवारी माझं वजन दहा वाजता दीड किलो कमी होतं. साडेनऊला मात्र नव्हतं."

"औषधवाल्याचा काटा जुना झालाय."

"दर वर्षी तपासतो कोण? त्यावर तुझीच चिठ्ठी आहे. खाली सहीसुद्धा आहे."

बाळनं बिस्किट चहात बुडवलं.

"मी त्रैराशिक मांडलं," ताई म्हणाली. "कॉन्व्हेंटातल्या मदरनं पट्टी मारून शिकवलंय, मरेपर्यंत विसरणार नाही. तू एकशे बारा पॉइंट सहा आहेस. तीन जानेवारीलाही तेवढाच होतास. तिकडे तो बिचारा काडी मृत्युपत्र लिहितोय."

बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग कपात पडला.

"मग काय करू मी? पोट कापून घेतलं, ताई. पनीरचे दोन तुकडे खाल्ले की छातीत अडकतात. तिसरा गेला तर उलटी. आणखी काय कापू?"

"आणि बिस्किटं अडकत नाहीत?"

"ती भिजलेली असतात. ते जवळपास पाणीच."

"भिजला म्हणून मैद्याचं पाणी होत नाही. ऐक." तिनं पानं उलटली. "तीन जानेवारीपासून आजपर्यंत. साखरेचा दुधाचा चहा, एकशे सोळा कप. बिस्किटं, दोनशे एकतीस. हातात आहे ते धरून."

"तू मोजत होतीस?"

"मी सगळंच लिहिते. तुला ठाऊक आहे."

बाळचा चेहरा लाल झाला. पण तीस वर्षं गिऱ्हाइकांशी हुज्जत घातलेला माणूस तो. "लिहिलंस ना? मग त्यात हेही लिही, की डबा पुढे कोण करत होतं. दोनशे एकतीस वेळा! आत्तासुद्धा उघडाच आहे."

डबा खरंच दोघांच्या मध्ये उघडा होता. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"नुसत्या चहावर तू चार मिनिटांत उठतोस," ती म्हणाली. "मोजलंय मी. बिस्किटं असली की पंचवीस मिनिटं बसतोस."

बाळनं हातातलं बिस्किट बशीत ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं.

गुरुवारी तो ताईची वही काखोटीला मारून आहारतज्ज्ञ बाईंकडे गेला. बाईंनी ती कादंबरीसारखी वाचली. "पहिले काही आठवडे वजन अडलं ते शरीरामुळे," त्या म्हणाल्या. "पुढचे डब्यामुळे. घन पदार्थ आधी, हळूहळू चावून. अंडं चालेल. खाल्ल्यावर अर्धा तास काही प्यायचं नाही, नाहीतर सगळं घसरून जातं आणि पुन्हा भूक लागते. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. आणि ही वही ज्यांची आहे, त्यांना दवाखान्यात नोकरी हवी आहे का विचारा."

शनिवारी दहा वाजता दिवाणखाना भरला. बाळ काट्यावर चढला नाही. पलंगाखालून त्यानं पाच-पाच किलोंची चार मापं आणली, एकेक करून काट्यावर ठेवली आणि बाजूला झाला. लाल आकडे उमटले: १९.४.

"हे वीस किलो आहेत," तो म्हणाला. "सहा आठवडे मी याला खोटं शिकवत होतो."

मग बायको पुढे आली. "म्हणजे माझे दोन किलो?"

"गेलेच नव्हते."

"अहो, नऊ जणींना मी कृती दिली! आता जिना कुठल्या तोंडानं उतरू?" तिनं वही काट्यावर आपटली. काट्यानं वहीचंही वजन इमानदारीनं कमीच दाखवलं.

शेजारणी एकमेकींकडे बघेनात. सुपाची एवढी अवहेलना त्या दिवाणखान्यात कधी झाली नव्हती. फक्त काडी उठून बाळच्या गळ्यात पडला. "म्हणजे मी मरत नाही?"

"सोमवारी रक्ताचा रिपोर्ट घेऊन ये, मग खात्रीनं सांगतो. पण काट्याच्या हिशेबानं तरी नाही."

सगळे गेल्यावर बाळनं काटा नीट लावला, वीसला वीस, आणि वर चढला. मग गुडघ्याच्या डॉक्टरांकडे फोन करून एकतीस मार्चची तारीख सोडून दिली. नोव्हेंबरातली लिहून घेतली. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. दुपारी अंडं उकडून, सोलून, कागदात बांधून तिनं त्याच्या पिशवीत टाकलं. जरा आपटूनच टाकलं.

शनिवार, १४ मार्च. हवा दमट. बाळ ११२.६. मी वर ५१.३, औषधवाल्याकडे जायची गरज पडली नाही. चार वाजता बाळ इथे: अंडं एक. साडेचारला कोरा चहा. मध्ये अर्धा तास बसून राहिला, जिन्याखालचा दिवा बदलून दिला. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी टाकायला सांगितलं.