कॉलेजमागची मालगाडी

एक किस्सा सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा येतोच, आणि मी सांगतोय ते कुणाला ऐकायचंय का, ही शंका राहते. तरी सांगतो.

सत्तरच्या दशकात सांगलीत आमच्या कॉलेजमागे, तेवढ्यापुरत्या रुळांवर, नॅरो गेजचे दोन मालडबे आणि गार्डचा डबा आम्ही जपून ठेवले होते. रेल्वेने मोडीत काढलेले. मी तिथे इतिहासाचा प्राध्यापक. कल्पना माझी, म्हणून काळजीही माझीच. प्राचार्यांनी बजावलं होतं, "उपयोग दिसला नाही, तर भंगारात देईन."

*

मिरजेहून डबे ट्रकवर आणताना जकात नाक्यावरच्या कारकुनाने आत काय माल आहे, असं विचारलं. रिकामे आहेत, म्हणालो.

"म्हंजे रिकामी गाडी गाडीवर घालून हिंडवताय व्हय?"

 

*

तासगावच्या एका बागायतदाराला बेदाणे ठेवायला मालडबा हवा होता. ही ऐतिहासिक वस्तू आहे, असं मी समजावलं.

"मग लय ब्येस. नव्या डब्यात कुठलं एवढं वारं खेळतंय?"

मी नाहीच म्हणालो. मग आठवलं, प्राचार्यांना उपयोगच तर हवा होता! आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

*

जतचा बिरू धनगर कॉलेजमागून मेंढरं घेऊन चालला असताना गारपीट सुरू झाली. त्याने कोकरं मालडब्यात चढवली. दार ओढून घ्यायला गेलो, तर आतून म्हणाला, "मास्तर, सुटायच्या आदी सांगा बरं का."

*

शिंदेमामा मूळचे पाटणचे, निवृत्त गार्ड. रोज गार्डच्या डब्यात येऊन बसत. बसण्याआधी हातब्रेक आवळत. पुढे इंजिनच नाही, हे मी एकदा भीतभीत सुचवलं.

"नसू दे की. गार्ड डब्यात हाय तवर गाडी त्याच्या ताब्यात."

*

एके दिवशी वर्गाच्या खिडकीतून भंगारवाल्याचा ट्रक दिसला. साखळी गार्डच्या डब्याला बांधलेली. प्राचार्यांनी शब्द खरा केला होता. 

तसाच त्यांच्याकडे धावलो. बेदाण्यांना डबा देतो म्हणालो, गारपिटीतली कोकरं सांगितली. बिरूचं बोलणं ऐकून ते हसले आणि म्हणाले, "ठेवा तुमची गाडी."

पण तोवर डबा ओढून नेला असेल तर? परत पळालो.

डबा जागेवर होता. पायरीवर शिंदेमामा, हातात लाल बावटा. भंगारवाला ड्रायव्हरवर ओरडत होता, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून शांत. रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झालेला माणूस.

"शेठ, गार्डानं लाल धरलाय. मला न्हाई हलवता येत."

"मामा, राहिला डबा," मी धापा टाकत म्हणालो.

मामांनी साखळी सोडवून घेतली, लाल बावटा गुंडाळला आणि हिरवा दाखवला.

ड्रायव्हरने हॉर्न दिला, आणि ट्रक रिकामा सुटला.