समुद्रावरून आलेल्या लतावहिनी

खोडदच्या ज्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या आवारात मी नोकरी करतो, तिथं मोबाईल बंद ठेवावा लागतो. आकाशातून येणारं अगदी बारीक काही ऐकायचं तर जमिनीवरची बडबड थांबवावी लागते, असं आमचे साहेब म्हणतात. त्यामुळे लतावहिनी गेल्याची बातमी मला ऑफिसातल्या जुन्या टेलिफोनवर आली. मी शिडीवर होतो, हात ग्रीसनं माखलेले. खालून शिपायानं हाक मारली, "सुनीलभाऊ, खाली या. निमगावचा फोन हाय." पलीकडे दादा होता. म्हणाला, "सुनील, लता गेली." आणि मी बावळटासारखं विचारलं, "कुठं?" सकाळी अंगणात शेंगा निवडत बसलेली धडधाकट बाई. छातीत कळ आली आणि नारायणगावला नेईपर्यंत सगळं संपलं होतं... आता दीड महिना होत आला, तरी तो 'कुठं?' माझ्या तोंडून निघाल्यासारखा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सावडलं. राख एका पाटीत आणि अस्थी तांब्यात घालून, वर फडकं बांधून, तांब्या अंगणातल्या चिंचेला टांगला. आमच्याकडे आता नदीत काही न सोडता रक्षा शेतात पुरायची आणि वर झाड लावायची रीत पडलीय. चांगलीच रीत आहे. भावकीतल्या जाणत्यांनी वहिनींसाठी आंब्याचं रोपही आणून ठेवलं होतं. तेव्हा दत्तादादा, माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा, एकदम म्हणाला, "राख शेतात पुरा. अस्थी मी तिकडं समुद्रावर नेणार. बेटांकडं." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्याची एकुलती एक लेक कोमल, मंचरला दिलेली, ती भिंतीला टेकून बसली होती. ती ताडकन उठली. "आईला परत पाण्यात टाकणार बाबा? तिनं तिथं निस्तं रडून काढलं. मी बघितलंय. तुमच्यापायी आली व्हती ती. आता तरी तिला तिच्या रानात राहू द्या."

दादा उठून गोठ्याकडे गेला. संध्याकाळी ओट्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तर मान खाली घालून म्हणाला, "सुनील, तिला तिथं सुख लागलं व्हतं का रे? का निस्ती माझ्यापायी आली? मी कधी इचारलंच न्हाई." आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना असलं काही विचारत नाहीत. कांद्याला पाणी कधी सोडायचं हे विचारतात, सुख लागलं का हे कोण विचारतो!  तो तांब्या चिंचेलाच राहिला आणि बापलेकीचं बोलणं त्या दिवसापासून तुटलं.

ज्यांना ही समुद्राची भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. आमचं घर निमगाव सावाचं, पिढीजात शेतकऱ्याचं. घरातल्या कुणाला धड पोहता येत नव्हतं, विहिरीत उतरायचं म्हटलं तरी कमरेला दोर बांधायचे. त्या घरातला दादा जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला आणि पुढे मलेशियातल्या लंकावी बेटावर शिडाच्या बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात रमला. वर्षातून एकदा यायचा. कोमल लहान असताना तो आला की आईच्या पदरामागे लपायची आणि "हे पावणं कधी जाणार?" असं विचारायची. दादा ते हसण्यावारी न्यायचा. पण एका खेपेला जाताना एसटी स्टँडवर त्याचे डोळे भरलेले मी पाहिले. मग एका वर्षी एका म्हाताऱ्या मालकानं त्याला आपली शिडाची बोट लंकावीहून थायलंडमधल्या फुकेतला पोचवायला सांगितली. घाई नाही, बेटाबेटावर थांबत सवडीनं आण म्हणाला. दादानं वहिनींना फोन केला, "पोरीला घेऊन ये. महिनाभर तरी एका छपराखाली राहू. नाय जमलं तर परत कधी बोलवणार न्हाई." यातलं शेवटचं वाक्य वहिनींनी बरोबर ऐकलं असणार. दिवाळी झाली, पाचवीतल्या कोमलची शाळा बुडवली आणि आळेफाट्याच्या पलीकडे कधी एकट्या न गेलेल्या लतावहिनी बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि दोन पिशव्या कांदे घेऊन विमानात बसल्या.

आणखी एक वस्तू त्यांच्या सामानात होती. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यावा, ही आपल्याकडची जुनी समजूत. कुणी सुपारी घेतं, कुणी खिशात बारीकसा खडा टाकतं. बोटीवर नवरा, बायको, पोरगी अशी तीनच माणसं असणार आणि खाली सगळा समुद्र, म्हटल्यावर वहिनींना बारीक खडा पुरेना. माळाच्या बांधावर वीज पडून जळालेली एक बाभळ होती. तिच्या बुडातला चांगला नारळाएवढा काळा दगड त्यांनी उचलला, धुतला आणि खणात गुंडाळून कांद्याच्या पिशवीत घातला. विमानतळावर तपासणीवाल्यांनी तो बाहेर काढून दहादा उलटापालटा केला. "देव हाय," असं सांगून सुटल्या म्हणे.

बोटीवरच्या पहिल्या काही दिवसांचं वर्णन वहिनी करत नसत. ते कोमलच करते. आई लिंबू हुंगत खाली पडून असायची, उठली की ओकायची आणि ओकून झालं की रडायची. दादा शीड ओढायला वर, ती खाली आणि मधल्या पायऱ्यांवर ही पोर, दोघांचे निरोप इकडून तिकडं करत. बेट आलं की मात्र तिघं उतरायचे. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी... तिथं वहिनी तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापायच्या. आजूबाजूच्या बोटीवरचे गोरे लोक बघायला यायचे आणि एकेक भाकरी खाऊन जायचे.

वहिनी गावात सांगायच्या ती गोष्ट एकच, आणि तीही स्वतःवरच हसत. एके सकाळी वारं बिघडलेलं, हवा धुरकट. दिशा दाखवणारं जीपीएसचं यंत्र आदल्या दिवशी पाणी जाऊन बंद पडलेलं. दादा म्हणाला होकायंत्र आहे की, दुपारपर्यंत पुढचं बेट येईल. वहिनींना काही ते आभाळ बरं दिसेना. खाली कांद्यांत ठेवलेला चौथा सोबती त्यांनी वर आणला आणि नवऱ्याची राखण व्हावी म्हणून गुपचूप त्याच्या पुढ्यातल्या कप्प्यात, नेमका होकायंत्राच्या खाली, सारून ठेवला. दुपार झाली, बेट नाही. चार वाजले, नाही. दादा काटा बघून सुकाणू धरत होता आणि समुद्र नुसता वाढत होता. मग ढग जरा फाटले आणि सूर्य दिसला, तर सूर्य मावळतीला एकीकडे आणि काट्याची पश्चिम भलतीकडेच!  काट्याजवळ लोखंडाचं काही आलंय का बघायला दादानं कप्पा उघडला आणि हाताला खणात गुंडाळलेला दगड लागला.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात लोखंडाचा अंश असतो आणि वीज पडली की त्याचा चांगला चुंबक होऊ शकतो. पुढे मी त्याच बाभळीपाशी आणखी एक तसला दगड शोधला आणि कंपासजवळ धरला, तर काटा भुतानं झपाटल्यासारखा फिरला. पण भर समुद्रात हे शास्त्र सुचायला डोकं थंड लागतं. दादा भडकला. "बाई, तू आमाला मारायला आणलंस का हे?" म्हणत त्यानं दगड फेकायला उचलला. वहिनी म्हणाल्या, "टाकायचा तर आदी मला टाका. तीन माणसं मी घरी नेणार न्हाई." वहिनींची गोष्ट इथं संपायची, पुढे सगळे हसायचे. त्यानंतरचं मला दादानं त्या ओट्यावरच्या संध्याकाळी सांगितलं. "ती हे बोलली ना, तवा बोट लई हलत व्हती. आणि ती कशाला धरल्याबिगर उभी व्हती. तोवर दोन्ही हातांनी धरल्याशिवाय एक पाऊल टाकत नव्हती. माझं फेकायचंच राहून गेलं." दगड त्यानं बोटीच्या पार पुढच्या टोकाला नेऊन ठेवला. अंधार पडताना मासेमारीच्या होड्यांचे हिरवे दिवे दिसले, त्यांच्या मागोमाग जाऊन बेट सापडलं. उतरल्यावर कोमल प्रथमच बापाच्या कडेवर झोपली, एवढी पाचवीतली घोडी!

फुकेतला पोचल्यावर वहिनींनी तो दगड एका नारळाच्या बुडाशी ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि "लई सांभाळलंस, आता राहा हितंच," असं सांगून निरोप घेतला. दादा दोघींना घरी पोचवायला बरोबर आला होता, म्हणून मी चिडवायचो, "वहिनी, मग येताना चौथा कोण होता?" तर म्हणायच्या, "भाऊजी, इमानात दोनशे माणसं असत्यात. तुमी कदी मोजायला शिकणार?" वर्षाच्या आत दादा नोकरी सोडून कायमचा घरी आला. कांदा, ऊस, दोन गाई. समुद्राचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. वहिनींनी त्याला परत आणलं, असं गाव म्हणायचं. दादालाही तेच वाटायचं की पाण्यानं दमवलं म्हणूनच तिनं आपल्याला घरी ओढलं. म्हणून तर तो प्रश्न त्याच्या घशात अडकून होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुपारी घरात आम्ही तिघंच उरलो. कोमल रडून आणि राबून थकली होती, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. दादा उठला. "चहा मी टाकतो," म्हणाला. मला आश्चर्य वाटलं, कारण घरी परतल्यापासून वहिनींनी त्याला स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं. बोटीवर सकाळचा चहा त्याचा असे म्हणे. पण इथं, "लोक काय म्हणतील" म्हणून मनाई. मधे काही वर्षांपूर्वी वहिनींनी ते स्वयंपाकघर नव्यानं बांधून घेतलं, तेव्हा हा उसाच्या तोडणीत अडकलेला. मी त्याच्या मागोमाग गेलो, तर तो मधोमध उभा. समोरच्या फळ्यांकडे बघत होता. प्रत्येक फळीच्या कडेला बोटभर उंच लाकडी पट्टी मारलेली. कपाटाच्या प्रत्येक दाराला बाहेरून आकडी. कप मांडलेले नव्हते, कानांनी खिळ्यांना टांगलेले होते. हे सगळं मी शंभरदा पाहिलं होतं. मला वाटायचं, मांजराचा त्रास असेल.

दादानं त्या पट्टीवरून हात फिरवला. "सुनील, अशी पट्टी बोटीत असती. बोट कलली की डबे पडू नयेत म्हणून." मग त्यानं डोळे मिटले, डावीकडे हात लांबवला आणि साखरेचा डबा काढला. मधल्या फळीवरून चहाची पूड. न बघता. "तिथं बी हितंच व्हतं," म्हणाला. या घराला बांधल्यापासून कधी हेलकावा बसलेला नाही.

कोमल दारात येऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. म्हणाली, "जुन्नरचं सलीममामा सुतारकामाला व्हतं. त्यांनी आईला इचारलं, वहिनी, डबे काय पळून जात्यात का? आई म्हणली, मला असंच पायजे. असंच बरं वाटतं मला." तिनं जवळच्या कपाटाची आकडी काढून पुन्हा लावली. "मला वाटलं, काहीतरीच..."

चहा उकळला. दादानं खिळ्यावरून तीन कप काढले आणि भरले, अर्धे अर्धे. आता हे सांगायलाच हवं की लतावहिनींचा अर्धा कप चहा निमगावात बदनाम होता. पाहुणा कितीही मोठा असो, कप अर्धाच. मागितला तर पुन्हा अर्धा, पुन्हा मागितला तर पुन्हा, पण कप भरायच्या नाहीत. बाया कुजबुजायच्या की एवढ्या परदेशी जाऊन आली पण हात आखडता. मीही त्यांना कमी छळलं नाही. त्या नुसत्या हसायच्या. मी दादाला विचारलं, "तूही अर्धाच देतोस?" तर तो सहज म्हणाला, "भरलेला कप बोटीत सांडतो ना. मी तिला रोज अर्धाच द्यायचो, दोनदा." आणि बोलता बोलता त्याला कळलं, मलाही त्याच क्षणी कळलं. ही बाई इतकी वर्षं सगळ्या गावाला बोटीवरचा चहा पाजत होती.

कोमल पाटावर बसली. दोन्ही हातांत कप धरून तिनं तो हळूहळू संपवला. बाहेर चिंचेखाली गाय हंबरत होती, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग बापाकडे न बघता, रिकाम्या कपात बघत तिनं विचारलं, "बाबा, माझा पासपोर्ट कवाच संपलाय. नवा काढायला लई दिवस लागत्यात का?"

 दादानं पातेलं उचललं आणि तिच्या कपात आणखी अर्धा कप चहा ओतला.