तुटलेली किल्ली आणि सासूबाईंचं विमान

सासूबाईंचं विमान चिकलठाण्याला उतरलंय. त्यांनीच फोन करून कळवलं. मी मात्र अजून घरासमोरच आहे, कारण गाडी सुरू करतानाच किल्ली तुटली.

किल्ली बनवणारे रफिकभाई आले. "दुसरी किल्ली असंलच ना, साहेब?"

"आहे ना. जपून ठेवलीय, गाडीतल्या कप्प्यात."

"मंग काढा की."

"कप्प्याला कुलूप आहे. याच किल्लीनं उघडतं."

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "लई जपली हो!"

गॅलरीतून बायको म्हणाली, "आईला हे तुम्हीच सांगायचं."

रफिकभाई अजून कप्प्याशी झटतायत. सासूबाई रिक्षानं निघाल्यात. जालना रोडवर ट्रॅफिक जाम असावा, अशी प्रार्थना मी आज पहिल्यांदाच करतोय.

तुमची दुसरी किल्ली कुठं आहे?