डाव्या हातमोज्याचा अंगठा

काकू गेल्या आणि त्यांच्या पेटीकडे लॅबमधलं कोणी फिरकेना. अमेरिकेत बॉथेलच्या आमच्या छोट्याशा बॅटरी कंपनीत आम्ही दोघीच मराठी. ऑफिसात काकू म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून मी मुद्दाम म्हणायचे.

पेटी म्हणजे ग्लोव्हबॉक्स. आत हवा नाही, ओल नाही, नुसता आरगॉन वायू. आतला दाब जास्त, त्यामुळे काळे रबरी हातमोजे फुगून खोलीकडे हात पसरून उभे असतात. दाब जरा कमीजास्त झाला की त्यांची बोटं हलतात. कारण पाठ आहे हो मला! तरी काकूंच्या पेटीचे मोजे हलले की अंगावर काटा यायचा.

काकूंनी लँथॅनम आणि बेरियमची फ्लोराइडं जड गोळ्या घातलेल्या चक्कीत दळून एक पावडर केली होती. भट्टी नाही, काही नाही. गोळ्यांच्या माराने दोन पावडरींची एकच होते. तिच्यातून फ्लोराइडचे आयन इतके सहज धावले की बॉसला खरंच वाटेना. मी त्यांचीच कृती करून पाहिली, तर पावडर ढिम्म.

"पुढच्या आठवड्यापर्यंत जमलं नाही तर तिचा रिझल्ट रिसर्च पेपरमधून काढू," बॉस म्हणाला. "मिस्टेक असेल." माझं डोकंच फिरलं. गेलेल्या बाईला खोटं पाडायचं, आणि तेही माझ्या हातून!

त्यातच माझी पेटी बिघडली. मग काय, काकूंच्या पेटीत हात घालणं आलं. भर दुपार होती. शेजारच्या खोलीतली चक्की थांबायची, जरा निवायची आणि आपली आपण उलटी फिरू लागायची.

उजवा मोजा कोरा, कडक. डावा मात्र मऊ. माझा अंगठा आत सरकला आणि एका झिजलेल्या खळग्यात जाऊन बसला. बोटं वळली, काहीतरी बारीक धरल्यासारखी. मी वळवली नव्हती. घाबरून हात ओढला, तर घामाने चिकटलेला हात निघेना. पेटीत समोर एक चपटा चमचा पडला होता. तो उचलला, तर त्या पकडीत बरोब्बर बसला.

अगं बाई! मिक्सरमध्ये चटणी वाटताना मधेच थांबून कडेचं खाली ढकलतोच की आपण. ते कोणी रेसिपीत लिहितं का? काकू चक्की थांबवून, भांडं पेटीत आणून, भिंतीला चिकटलेली पावडर खरवडायच्या. मी ती तशीच चिकटू देत होते.

तसं केलं आणि आकडा जुळला. बॉस म्हणाला, "ओके, ठेवू." झिजलेला मोजा फाटायच्या आत बदलून टाकला.

संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांना फोन केला. "काका, काकूंचं बरोबर होतं. पेपरमध्ये राहतंय त्यांचं काम." ते रडायलाच लागले. मी आपलं घाईघाईने म्हटलं, "त्या डावखुऱ्या होत्या, हे मला मोज्यावरून कळलं बघा."

"डावखुरी? छे गं," काका म्हणाले. "उजव्या हातात जोरच राहिला नव्हता तिच्या. वर्षभर. कळलं तर काम काढून घेतील, म्हणून कोणालाही सांगायचं नाही, असं बजावलं होतं मला. तुलासुद्धा."

दुपारचा डबा आम्ही रोज समोरासमोर बसून खायचो. त्या कोणत्या हाताने जेवायच्या, ते मला काही केल्या आठवेना.